एक दाणा, चाळीस टँकर

जालना जिल्ह्यात टँकर म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात गावंच्या गावं त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. तर असा १२ हजार लिटरचा एक टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात ज्वारीचा एक दाणा टाका, जरा बारीकसा, २४ मिलिग्रॅम वजनाचा. तो दाणा पाण्यात पूर्ण विरघळून गेला असं धरा. आता त्या टँकरमधून चार-पाच चमचे पाणी काढा, प्रयोगशाळेत द्या आणि विचारा, यात काही टाकलंय का?

खेळाडूंच्या लघवीची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा रोज याच प्रश्नाचं उत्तर देतात. नॅन्ड्रोलोन नावाचं स्टेरॉइड घेतलं की शरीरातून त्याची एक खूण बाहेर पडते. ती पकडण्यासाठी वर्षानुवर्षं जी रेषा मानली गेली, ती होती मिलिलिटरला २ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे १०० कोटी भाग करायचे आणि त्यातले दोन घ्यायचे. टँकरभर पाण्यात ज्वारीचा एक दाणा म्हणजे नेमकं हेच प्रमाण.

पण हे झालं जुनं माप. २०१० साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकलेल्या स्पेनच्या अल्बेर्तो कोंतादोरच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, ते मिलिलिटरला ५० पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आपल्या हिशोबात सांगायचं तर तोच एक दाणा आता एका टँकरमध्ये नाही, ओळीने उभ्या केलेल्या चाळीस टँकरांत मिळून विरघळलेला आहे. ४ लाख ८० हजार लिटर पाणी आणि त्यात एक दाणा. मी खाल्लेल्या मांसातून ते आलं असावं, असं कोंतादोर सांगत राहिला. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली आणि ते विजेतेपद गेलं.

प्रत्येक औषधाला एकच माप लागत नाही, हेही इथेच सांगायला हवं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल मिलिलिटरला १,००० नॅनोग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे त्याच टँकरमध्ये पाचशे दाणे असले तरी खेळाडू निर्दोष. आणि दुसऱ्या औषधाचा एक दाणा चाळीस टँकरांत असला तरी तो दोषी ठरू शकतो. ‘इतकंसं तर होतं’ हा बचाव म्हणून इथे फारसा उपयोगाचा नाही. किती होतं यापेक्षा काय होतं, कुठून आलं आणि कधी आलं, हे प्रश्न मोठे आहेत. नरसिंग यादवच्या प्रकरणात तर ‘किती’ या एका आकड्यावरूनच ‘कुठून’चं उत्तर काढलं गेलं.

नरसिंग हा मुंबईच्या मातीत तयार झालेला मल्ल. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं त्याने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ जिंकून ७४ किलो वजनी गटात रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवली. त्या जागेवर मल्ल सुशीलकुमारनेही हक्क सांगितला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि जून २०१६ मध्ये सुशीलची याचिका फेटाळली गेली. त्याच महिन्याच्या २५ तारखेला सोनीपतच्या केंद्रात नरसिंगचा नमुना घेतला गेला. त्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड निघालं. ५ जुलैच्या दुसऱ्या नमुन्यातही निघालं. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी हे मिसळलं, असं त्याने सांगितलं. १ ऑगस्टला देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे नाडाने, त्याला निर्दोष ठरवलं. जागतिक संस्था वाडा अपिलात गेली. १८ ऑगस्टला, रिओत त्याची कुस्ती व्हायच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली.

त्या सुनावणीत कॅनडाच्या तज्ज्ञांनी जे सांगितलं त्यावर निकाल फिरला. पहिल्या नमुन्यातलं प्रमाण इतकं जास्त होतं की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीतून येणं पटण्यासारखं नव्हतं. एक-दोन गोळ्या तोंडावाटे घेतल्या तरच असा आकडा येतो. कारस्थानाचा ठोस पुरावा लवादासमोर आला नाही. महाराष्ट्राच्या तीन वेळच्या केसरीचं ऑलिम्पिक एका आकड्याने संपवलं. त्या काळात गावागावांतल्या तालमींत झालेली चर्चा आठवून बघा. तज्ज्ञांच्या आकड्यावर तिथे कितीजण बोलत होते? बोलणं चाललं होतं ते सुशीलचा गट, नरसिंगचा गट, हरयाणा, महाराष्ट्र, कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि भाजपचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह कुणाच्या बाजूने आहेत, यावर. आकडा सगळ्यांना एकच मिळाला होता. तो वाचताना प्रत्येकाने आधी आपला माणूस ठरवला आणि मग अर्थ लावला.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती ही गोष्ट. यंत्रं चाळीस टँकरांतला दाणा शोधून देतात आणि आपण विचारतो, तो दाणा कुणाच्या बाजूचा?

नमुना घेण्याची रीत एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. निरोप मिळाल्यापासून खेळाडू एका माणसाच्या नजरेआड होत नाही. समोर ठेवलेल्या सीलबंद भांड्यांतून खेळाडू स्वतःच्या हाताने एक निवडतो. स्त्री खेळाडू असेल तर स्त्री, पुरुष असेल तर पुरुष अधिकारी लघवी करताना समोर उभा राहतो आणि बघतो. किमान ९० मिलिलिटर हवी. कमी भरली तर पाणी प्यायचं आणि बसून राहायचं. मग खेळाडूच ती दोन काचेच्या बाटल्यांत ओततो, ‘अ’ बाटलीत बहुतांश आणि ‘ब’ बाटलीत ३० मिलिलिटर. झाकण फिरवताना आत दाते टकटक बसत जातात आणि एकदा बसले की झाकण फोडल्याशिवाय बाटली उघडत नाही, असा दावा. बाटल्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक. त्या दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात. याच प्रयोगशाळेची मान्यता वाडाने ऑगस्ट २०१९ मध्ये स्थगित केली होती. ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. मधल्या काळात आपले नमुने परदेशात पाठवावे लागत होते.

झाकण उघडत नाही हा दावाही २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये निकालात निघाला. रशियाच्या गुप्तचर खात्याच्या माणसांनी ती झाकणं माग न ठेवता उघडण्याची युक्ती शोधली आणि रात्री प्रयोगशाळेच्या भिंतीतल्या भोकातून खेळाडूंचे नमुने बदलून ठेवले. या घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या रिचर्ड मॅकलॅरन यांच्या २०१६ च्या अहवालात हजाराहून जास्त रशियन खेळाडूंचा उल्लेख आला. सरकारच चोरीत उतरलं की ९० मिलिलिटरची सगळी काळजी एका भोकापुरती उरते.

आता आपल्याकडे किती बाटल्या भरल्या जातात ते बघू.

२०२४ मध्ये नाडाने देशभरात ७,११३ नमुने तपासले. त्यांतले २६० दोषी निघाले, म्हणजे साधारण २७ मागे एक. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावरच्या फ्रान्समध्ये ९१ निघाले. त्याआधीच्या वर्षी, २०२३ मध्ये, आपण ५,६०६ नमुने तपासले आणि ३.८ टक्के दोषी निघाले. त्याच वर्षी चीनने २८,१९७ तपासले आणि ०.२ टक्के निघाले. जर्मनीने १५,१५३ आणि ०.४ टक्के. पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत आपलं प्रमाण सर्वांत वाईट.

देशाची लोकसंख्या १४५ कोटी धरली तर ७,११३ चाचण्या म्हणजे दोन लाखांहून जास्त माणसांमागे एक. जालना जिल्हा २०११ च्या जनगणनेत सुमारे १९ लाख ५९ हजारांचा होता. याच प्रमाणात वाटणी केली तर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला जेमतेम दहा चाचण्या येतात. तालुके आठ. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, प्रत्येकाला एक, आणि दोन उरल्या. चीनच्या वेगाने तपासलं असतं तर जिल्ह्याला ३९ आल्या असत्या; जर्मनीच्या वेगाने साडेतीनशे. प्रत्यक्षात या दहासुद्धा अशा वाटल्या जात नाहीत. चाचण्या होतात त्या राष्ट्रीय शिबिरांत आणि मोठ्या स्पर्धांत. जत्रेच्या फडापर्यंत, तालुक्याच्या तालमीपर्यंत ही बाटली क्वचितच येते. दुसऱ्या बाजूने बघा: इतक्या थोड्या चाचण्यांत इतके दोषी निघतात, तर न तपासलेल्यांत किती असतील?

आणि खेळाडूंहून कितीतरी मोठी गर्दी खेळाच्या बाहेर धावते आहे.

२०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या. अर्ज आले १७ लाख ७६ हजार. अख्ख्या जालना जिल्ह्याची पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंतची २०११ मधली लोकसंख्या घेतली तरी दहातल्या नऊ जणांनी अर्ज भरावा, एवढा हा आकडा. काहींचे दोन-तीन अर्ज असतात हे धरूनही एका जागेमागे शंभर अर्ज. जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे. भरतीच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं या भागात कुणालाही दिसतात. त्यांतल्या पुष्कळांच्या घरी कोरडवाहू चार एकर आणि बहिणीचं लग्न राहिलेलं असतं.

जिल्हा पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांसाठी १,६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. १०० मीटर साडेअकरा सेकंदांत मारले तर पूर्ण १५ गुण. त्याच्या वर साडेबारापर्यंत गेले तर १२. एका सेकंदाच्या फरकाला तीन गुण. १,६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत झाले तर २०, पुढच्या वीस सेकंदांत झाले तर १८. ज्या यादीत शेकडो पोरं एकेका गुणावर दाटलेली असतात, तिथे तीन गुण म्हणजे नोकरी आणि पुढची भरती येईपर्यंतचा रिकामा वेळ यांच्यातलं अंतर. ते अंतर विकणारा दुकानदार तिथे उभा राहणारच. मागच्या काही भरत्यांत उत्तेजक इंजेक्शनं बाळगणारे उमेदवार राज्यात पकडले गेले. पुणे, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात जिमच्या पोरांना चोरून विकलं जाणारं मेफेंटरमाइन पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने वारंवार जप्त केलं आहे. हे औषध मुळात भूल देताना घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी डॉक्टरने वापरायचं. एका छोट्या बाटलीत साधारण ३०० मिलिग्रॅम असतं. आपल्या हिशोबाने ते साडेबारा दाण्यांच्या वजनाचं. धडधाकट, धावणाऱ्या पोराच्या हृदयावर ते काय करत असेल याची कल्पनाही नकोशी वाटते.

प्रत्येक अर्ज वेगळ्या उमेदवाराचा धरून नाडाच्या २०२४ च्या वेगाने या १७ लाख ७६ हजार जणांना एकेकदा तपासायचं म्हटलं तर अडीचशे वर्षं लागतील. पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला ते साल १७७४. त्या वर्षी सुरुवात केली असती तर २०२४ मध्ये शेवटचा उमेदवार तपासून झाला असता.

थोड्याशा औषधाने खरंच एवढा फरक पडतो का, ही शंका रास्त आहे. तिचं सर्वांत चांगलं उत्तर अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मिळतं, कारण त्या खेळात शंभर वर्षांहून जास्त काळ प्रत्येक फटक्याची नोंद ठेवली गेली आहे. होमरन म्हणजे आपल्याकडचा षटकार समजा. एका मोसमात सर्वाधिक ६१ होमरनचा विक्रम रॉजर मॅरिसने १९६१ मध्ये केला. तो ३७ वर्षं टिकला. मग १९९८ ते २००१ या चार मोसमांत तो आकडा सहा वेळा ओलांडला गेला, तोही तिघांनीच: मार्क मॅग्वायरने दोनदा, सॅमी सोसाने तीनदा आणि बॅरी बाँड्सने एकदा. बाँड्सने २००१ मध्ये ७३ मारले; त्या मोसमात तो ३७ वर्षांचा झाला, ज्या वयात बहुतेकांची बॅट हळू व्हायला लागते. त्यानंतर चाचण्या आणि शिक्षा सुरू झाल्या, आणि ६१ च्या पुढे जायला पुन्हा २१ वर्षं लागली. २०२२ मध्ये ॲरन जजने ६२ मारले.

टफ्ट्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉजर टोबिन यांनी याचं गणित मांडलं. स्नायू दहा टक्क्यांनी वाढले तर बॅटचा वेग पाच टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि चेंडूचा चारच टक्के. पण सीमारेषेच्या अलीकडे पडणारे असंख्य फटके त्या चार टक्क्यांनी पलीकडे जातात आणि होमरन पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढू शकतात. काठावर गर्दी असली की चार टक्के दुप्पट होतात. जालन्याच्या मैदानावरच्या सेकंदालाही हाच नियम लागू आहे.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये मॅग्वायरच्या कपाटात एका पत्रकाराला अँड्रोस्टेनेडिओन या स्टेरॉइडची बाटली दिसली. अमेरिकेत ती दुकानात उघड मिळत होती. कारण १९९४ चा पूरक आहाराचा कायदा, जो सिनेटमध्ये रिपब्लिकन ओरिन हॅच आणि डेमोक्रॅट टॉम हार्किन यांनी मिळून पुढे रेटला होता. व्यापाराचा प्रश्न आला तेव्हा दोन्ही पक्ष एकाच बाकावर बसले. स्टेरॉइडविरोधी कायदा कडक व्हायला २००४ उजाडलं. मॅग्वायरने स्वतः कबुली दिली ती २०१० मध्ये.

डिसेंबर २००७ मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिशेल यांचा बेसबॉलमधल्या उत्तेजकांवरचा ४०९ पानांचा अहवाल आला. त्यात ८९ खेळाडूंची नावं होती आणि सर्वांत मोठं नाव रॉजर क्लेमन्सचं, सात वेळा सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार मिळवलेला आणि ३५४ सामने जिंकून देणारा. त्याचा प्रशिक्षक ब्रायन मॅकनेमी म्हणत होता, मी स्वतः याला इंजेक्शनं दिली; वापरलेल्या सुया आणि कापूस त्याने बिअरच्या एका डब्यात सहा वर्षांहून जास्त जपून ठेवले होते. क्लेमन्स म्हणत होता, साफ खोटं. १३ फेब्रुवारी २००८ रोजी दोघांना अमेरिकी संसदेच्या समितीसमोर एकाच टेबलापाशी बसवलं गेलं. त्या दिवशी जे झालं ते मला त्या ८९ नावांपेक्षाही धक्कादायक वाटतं. थोडे अपवाद वगळले तर रिपब्लिकन सदस्य मॅकनेमीवर तुटून पडले आणि डेमोक्रॅट सदस्य क्लेमन्सवर. सुईत काय होतं याचा कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्याशी संबंध नव्हता. युद्ध नाही, कर नाही, आरोग्यविमा नाही. तरी मतं बाकाप्रमाणे विभागली गेली. क्लेमन्सवर पुढे खोट्या साक्षीचा खटला झाला आणि जून २०१२ मध्ये तो सर्व आरोपांतून सुटला. खेळाच्या कीर्तिमंदिरात मात्र तो आणि बाँड्स दोघेही अडकले. ७५ टक्के मतं लागतात आणि २०२२ मध्ये पत्रकारांच्या मतदानातल्या दहाव्या, शेवटच्या संधीला बाँड्सला ६६ आणि क्लेमन्सला ६५ टक्के मिळाली.

परका देश समोर आला की हेच पक्ष पुन्हा एक होतात. सोचीच्या घोटाळ्यानंतर अमेरिकेने २०२० मध्ये उत्तेजकांच्या कारस्थानाला तुरुंगवासाची शिक्षा देणारा कायदा केला. सिनेटमध्ये एकही विरोधी आवाज निघाला नाही. तो कायदा आंतरराष्ट्रीय स्पर्धांना लागू आहे. बेसबॉलसारख्या घरच्या व्यावसायिक लीग त्याच्या बाहेर ठेवल्या.

आपल्याकडे बॅट-चेंडूच्या बादशहांनीही बराच काळ स्वतःला असंच बाहेर ठेवलं. विरारच्या मैदानांवर वाढलेल्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन निघालं, खोकल्याच्या औषधातलं. नमुना फेब्रुवारी २०१९ चा, आठ महिन्यांची बंदी जाहीर झाली जुलैअखेर आणि लागू धरली मार्चपासून. क्रिकेट मंडळ आपली चाचणी आपणच घेत होतं. त्यानंतर काही दिवसांत, ऑगस्ट २०१९ मध्ये, मंडळ नाडाच्या कक्षेत यायला राजी झालं.

मल्ल बजरंग पुनियाचं प्रकरण तर क्लेमन्सच्या सुनावणीचं सख्खं भावंड आहे. २०२३ मध्ये ब्रिजभूषण यांच्याविरुद्धच्या आंदोलनात बजरंग पुढे होता. १० मार्च २०२४ रोजी सोनीपतच्या निवड चाचणीत त्याने नमुना दिला नाही; मुदत संपलेला संच आणला होता, त्याचा खुलासा आधी द्या, असं त्याचं म्हणणं. सप्टेंबरमध्ये तो काँग्रेसमध्ये गेला. नोव्हेंबरमध्ये चार वर्षांची बंदी आली. नमुना नाकारणं हा नियमाने दोष पकडला जाण्याइतकाच मोठा गुन्हा आहे. आणि संच खराब होता का, हाही प्रामाणिक तपासाचा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी विचारता आल्या असत्या. एका तटाला फक्त पहिली ऐकू आली, दुसऱ्याला फक्त दुसरी.

महाराष्ट्राची कुस्ती तर थेट पक्षांत वाटली गेली. दशकानुदशकं शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली चाललेली राज्य कुस्तीगीर परिषद भारतीय महासंघाने २०२२ च्या मध्यावर बरखास्त केली. नवी संघटना भाजपचे तेव्हाचे खासदार रामदास तडस यांच्याकडे गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये पुन्हा दोन, अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके. १९६१ मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारींनी पहिला किताब जिंकला, तेव्हा राज्यात एकच केसरी होता.

जालन्यानेही यजमानपदाचा मान घेतला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा इथे भरला. यजमानपदात पुढे होते तेव्हाचे शिवसेनेचे राज्यमंत्री अर्जुन खोतकर. त्याच दिवसांत त्यांचा आणि भाजपचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे यांचा जालन्याच्या लोकसभेच्या जागेवरून उघड संघर्ष चालला होता. मार्च २०१९ मध्ये खोतकरांनी माघार घेतली. २०१८ च्या त्या आखाड्यात २३ डिसेंबरच्या रात्री बुलढाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफिक शेखने गतविजेत्या पुण्याच्या अभिजित कटकेला ११-३ असं हरवलं. त्या आठवड्यात मैदानाभोवतीच्या हजारो लोकांना बाला रफिकचा पक्ष कुठला हे विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी कुस्ती पाहिली. हा प्रेक्षक आपल्याकडे आहे, आणि म्हणून माझा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. फेरतपासणीसाठीची ‘ब’ बाटली उघडण्याआधी ‘आमच्या पोराला अडकवलं’ म्हणणाऱ्या आणि ‘बघा, त्यांचं पोर चोर निघालं’ म्हणणाऱ्या पुढाऱ्याला गप्प बसवायचं बळ असेल तर याच प्रेक्षकात आहे. वक्तव्य सोडा, अहवाल दाखवा, असं त्याने फडावर उभं राहून म्हणायला हवं.

आणि पोलीस भरतीसाठी अडीचशे वर्षं थांबण्याचं काहीच कारण नाही. सगळ्या अर्जदारांना तपासायची गरज नाही. भरल्या जाणाऱ्या जागांच्या दहा टक्के इतकेच नमुने, तेही धाव संपल्या संपल्या, वरच्या गुणांच्या उमेदवारांतून सर्वांसमोर चिठ्ठी काढून घेतले, तर राज्यभरात १,७४७ होतात. नाडाच्या वर्षभराच्या कामाच्या पाव हिश्शाइतके. चिठ्ठी आपली निघेल की नाही हे कुणालाच माहीत नसेल तर इंजेक्शन विकणाऱ्याचा धंदा पहिल्याच भरतीत बसेल. यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. भरतीचे नियम राज्याचं गृहखातं लिहितं. पुढच्या जाहिरातीत ही एक अट घालता येईल, आणि पहिली बाटली जालन्याच्या मैदानावर, गट क्रमांक ३ च्या भरतीत भरता येईल.